हजेरीबाहेरची माणसं

मार्च उजाडला की आमच्या कंपनीत सुरक्षा सप्ताहाची तयारी सुरू होते. ४ तारखेला गेटवर झेंडा लागतो, मैदानात उभं राहून सगळे शपथ घेतात, जिन्याजिन्यांवर नवे फलक चिकटतात आणि त्या आठवड्यातल्या एका सकाळी भोंगा वाजतो. वाजणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी वाजला की छातीत धस्स होतंच. यंदा तो वाजला तेव्हा मी वरच्या मजल्यावर अकाउंट्समध्ये होते. काम तसंच टाकलं, पर्सला हात लावला नाही, कठडा धरून जिना उतरले, शिकवलंय तसं. खाली पॅकिंगच्या लांबलचक वाटेत मावशी लादी पुसत होती. ती दोडामार्गाकडून पहाटेच्या बसनं येते. पन्नाशी कधीच ओलांडली असेल. भोंगा अगदी तिच्या डोक्यावरच्या खांबाला आहे. आमचा लोंढा येताना दिसला तशी तिनं बादली भिंतीकडे ओढली, 'लादी ओली आहे' लिहिलेली पिवळी पाटी उचलून आम्हाला लांबून दिसेल अशी ठेवली आणि कुणी ओल्यावर पाय टाकू नये म्हणून मॉप आडवा धरून उभी राहिली. मी म्हटलं, "मावशी, चला, बाहेर चला." ती हसली. म्हणाली, "तो भोंगो तुमच्यासाठी गो बाय. आमका खंय कोण मोजता?"

बाहेर जांभळीखाली आमची जमायची जागा आहे. खात्याखात्याच्या रांगा लागल्या, नावं वाचली गेली, प्रत्येकानं हात वर केला. मार्चचं ऊन, डोंगरावरून येणारा काजूच्या बोंडांचा आंबूस वास, आणि माइकवरून आमच्या सेफ्टी ऑफिसरचा आवाज: ठरलेल्या वेळेच्या आत इमारत रिकामी झाली, सगळे हजर. टाळ्या पडल्या. कोकम सरबताचे पेले फिरू लागले. मी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, आत मावशी आहे. त्यानं हातातली यादी दोनदा चाळली. तो कामाला वाघ आहे, मनानं चांगला आहे, म्हणून त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला दिसलं. "ती यादीत नाही. कंत्राटदाराची माणसं आपल्या यादीत येत नाहीत." त्यानं एका पोऱ्याला आत पिटाळलं. मावशी आली, तिच्यामागून संडास धुणाऱ्या दोघी आल्या, आणि कँटीनमधले पोरगे आले, कोपरापर्यंत हात पिठानं माखलेले. भोंगा त्यांनीही ऐकला होता. तव्यावर चपाती होती, म्हणून गॅस चालूच होता.

त्या दिवसापासून मावशीचा प्रश्न डोक्यातून जात नाही. कारण तिला कोण मोजतं, याचं उत्तर मला माहीत आहे. मी मोजते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कंत्राटदारांची बिलं माझ्या टेबलावर येतात. साफसफाई, कँटीन, माल चढवणारे, माळी, रखवालदार. प्रत्येक बिलात माणसं किती आणि दिवस किती. मी ते गेटवरच्या रजिस्टरशी ताडून पाहते. कोण कधी आत आलं, कधी बाहेर गेलं, सगळं तिथं असतं. मावशीनं चवथीला अर्धा दिवस जास्त रजा घेतली तर तो अर्धा दिवससुद्धा मला सापडतो आणि बिलातून कापला जातो. म्हणजे कंपनीला तिचा पत्ता नाही असं नाही. ती आत किती वाजता शिरली हे मिनिटासकट लिहिलेलं आहे. फक्त ते रजिस्टर पैशाच्या कामाचं, आणि जांभळीखाली वाचली जाते ती यादी वेगळी. दोन कागदांची एकमेकांशी कधी गाठच पडलेली नाही.

माझे वडील बार्जवर होते.

आमचं घर गोव्यातल्या डिचोलीचं. खाणींच्या भरात दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत लालसर व्हायचे, आणि वडील घरी यायचे तेव्हा अंघोळीचं पहिलं पाणीही लालच वाहायचं. हंगामात बार्ज खनिज भरून मांडवीतून मुरगावकडे जायचे. पाऊस लागला, खाणी थंडावल्या की बार्ज दुरुस्तीला यार्डात चढायचे. गंज खरवडायचा, पत्रे बदलायचे, रंग लावायचा. मी शाळेत असताना अशाच एका पावसाळ्यात, नदीकाठच्या एका यार्डात, बार्जच्या कुशीतल्या एका बंद टाकीचं झाकण उघडलं गेलं. तशा टाक्यांत काहीच नसतं. बार्ज तरंगावा म्हणून सोडलेली रिकामी, हवाबंद जागा. एका रोजंदारीच्या पोराला गंज खरवडायला आत पाठवलं. तो शिडी उतरला, तळाला पाय टेकला आणि बसकण मारल्यासारखा खाली गेला. ओरडला नाही, धडपडला नाही. वरच्यांना वाटलं पाय घसरला. दुसरा एक गडी त्याला उचलायला धावत उतरला आणि त्याच्या अंगावरच कोसळला. तिसरे माझे वडील होते. त्यांचा एक पाय शिडीवर पडला होता तेवढ्यात एका म्हाताऱ्या खलाशानं मागून सदरा धरला आणि इतक्या जोरानं ओढलं की काजांसकट बटणं तुटली. मग कॉम्प्रेसरची नळी आत सोडली, वारं भरलं, दोर बांधून दोघांना वर काढलं. दुसरा गडी वाचला. पोरगा गेला.

त्या रात्री वडील जेवले नाहीत. आईनं विचारलं तेव्हा ते त्या टाकीबद्दल बोललेच नाहीत. म्हणाले, त्याच्या घरी कळवायचं तर गाव कुठलं हे कुणालाच ठाऊक नाही. मुकादमाला नुसतं टोपणनाव माहीत होतं.

लोखंड गंजतं म्हणजे ते हवेतला प्राणवायू स्वतःत ओढून घेतं, हे आम्ही पुढं विज्ञानाच्या पुस्तकात शिकलो. पण बंद टाकीत महिनोन्‌महिने गंजणाऱ्या भिंतींनी आतली हवाच खाऊन टाकलेली असते, हे त्या पुस्तकात नव्हतं. आपण घेतो त्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के. साडेएकोणीसच्या खाली गेला की तिथं साध्या अंगानं उतरायचं नाही, असा दंडक आहे. दहाच्या खाली माणसाची शुद्ध हरपते. पाच-सहावर आला तर दोन-तीन श्वासांत खेळ संपतो. आणि सगळ्यात भयंकर गोष्ट ही की आत उतरणाऱ्याला काही कळतच नाही. श्वास कोंडल्याची जी तगमग आपल्याला होते, ती रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. प्राणवायू कमी पडल्याची वर्दी शरीर तशी देत नाही. अशा टाकीत श्वास मोकळा चालू असतो, वास नसतो, घुसमट नसते, आणि पाय लटपटायच्या आत माणूस गेलेला असतो. मैल्याच्या टाक्यांत निराळं विष असतं, हायड्रोजन सल्फाइड. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की तो वास ओळखण्याची नाकाची ताकदच मरते, आणि आतल्याला वाटतं की घाण कमी झाली. देशात दरवर्षी माणसं अशी जातात आणि बहुतेक बातम्यांत तोच क्रम असतो: एक उतरला, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. वाचवणाऱ्यांचाही बळी जातो. म्हणून मला त्या म्हाताऱ्या खलाशाचं मोल फार वाटतं. समोर दोन माणसं पडलेली असताना तिसऱ्याला मागं खेचायला जे धैर्य लागतं, ते उडी घेणाऱ्या धैर्यापेक्षा मला मोठं वाटतं. त्याला कुणी शाबासकी दिल्याचं मात्र मी ऐकलं नाही.

वडिलांना त्यानंतर एक सवय लागली. कुळागरातली विहीर उपसायची असो की कुणाच्या घराची पाण्याची टाकी धुवायची असो, ते तिथं जाऊन उभे राहायचे. "आदीं वारें, मागीर मनीस." आधी वारं, मग माणूस. विहिरीत पेटता कंदील सोडायची रीत आमच्याकडे जुनी आहे, कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. वडील ती पाळायचे, आणि वर बजावायचेही की कंदील पेटता राहिला म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालायचं नाही, आणि जिथं तेलाचा वास आहे तिथं तर कंदील न्यायचाच नाही. आता हातात मावेल एवढा गॅस मीटर मिळतो. आधी प्राणवायू बघायचा, मग पेट घेणारी वाफ आहे का ते, मग विषारी वायू. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी. ब्लोअर लावून हवा खेळती ठेवायची. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर, तोंडाशी एक माणूस, ज्याचं दुसरं काहीही काम नाही. तो माणूस चहाला गेला की आतल्यानं वर यायचं. आमच्या कंपनीत अशा जागेत उतरायच्या परमिटचा छापील कागद आहे आणि तो नीट भरला जातो. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा कितीतरी बार्ज नदीकाठाला बांधून पडले. जाता-येता पुलावरून त्यांचे गंजलेले सांगाडे दिसायचे तेव्हा माझ्या मनात बुडालेल्या धंद्याच्या आधी त्या बंद टाक्या यायच्या. पुढं कधीतरी त्या कोण उघडणार, आणि उघडणाऱ्याला कुणी सांगितलेलं असेल का.

काणकोणची इमारत पडली ती ४ जानेवारी २०१४ ला, शनिवारी दुपारी. चावडी नावाच्या भागात बांधकाम चालू होतं. ३१ मजूर गेले. पुढं दिवसचे दिवस ढिगारा उपसणं चाललं होतं आणि आम्ही घरी बसून टीव्हीवर ते पाहत होतो. वडील तेव्हा निवृत्त झाले होते. आत नेमके किती जण आहेत याचे आकडे दर तासाला बदलत होते. एक सांगायचा इतके, दुसरा सांगायचा तितके. वडील टीव्हीकडे बघत एवढंच म्हणाले, सकाळी कामावर घेताना कुणीतरी डोकी मोजलीच असतील की. पगार वाटायचा असतो ना.

आणि हडफडे. ६ डिसेंबर २०२५ ची रात्र, नाइटक्लबला लागलेली आग. त्यावर इतकं लिहून-बोलून झालं आहे की पुन्हा सांगायला नको. पण माझ्या मनात तिथला नाचाचा मजला येत नाही, खालचं स्वयंपाकघर येतं. २५ जण गेले, त्यांतले बहुतेक तिथं कामाला होते. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ, कुठून कुठून आलेली तरणी पोरं. भाजून गेले त्यांच्यापेक्षा गुदमरून गेलेले जास्त. धूर खाली कोंडला, वर जायची वाट अरुंद, आणि बाहेरचा रस्ताही असा की बंब जागेपर्यंत पोचू शकले नाहीत. पाहुण्यांना दार कुठं आहे ते दिसत असतं, कारण ते त्याच दारानं आत आलेले असतात. भांडी घासणारा पोरगा मागच्या दारानं आत येतो, पोत्यांमागून, गॅसच्या सिलिंडरांमागून. आणि तेच दार रात्री कधी चोरीच्या भीतीनं, कधी हिशोबासाठी कुलूप लावून बंद असतं. मी त्या जागेबद्दल बोलत नाही, ते चौकशीत ठरेल. पण गोव्यात हॉटेलं कमी नाहीत आणि अशी मागची दारं मी लग्नाच्या पंगतींतसुद्धा पाहिली आहेत.

कायद्यात हे सगळं आहे. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, फॅक्टरी कायद्यात मुद्दाम भर घातली गेली: आत काय धोका आहे हे कामगाराला आणि आसपासच्या वस्तीला सांगितलंच पाहिजे, संकटाचा आराखडा तयार ठेवलाच पाहिजे. भोपाळच्या त्या रात्री लोकांना कुणी साधं एवढं सांगितलं असतं की पळू नका, ओलं फडकं तोंडावर धरा, तरी कितीक वाचले असते असं जाणकार आजही सांगतात. १९४८ च्या त्या कायद्याच्या जागी आता कामगार सुरक्षेची नवी संहिता आली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाली. तिच्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायची अट आहे. ती वाचताना मला बरं वाटलं होतं, कारण पत्र द्यायचं म्हणजे निदान नाव-गाव लिहावं लागतं. त्यानंतर १५ दिवसांनी हडफडे झालं. कागदावरची तारीख आणि जमिनीवरची रात्र यांच्यामधलं अंतर कुणीतरी चालून पार करावं लागतं. आपोआप ते होत नाही.

मार्चमधल्या त्या सकाळनंतर एकदा जेवणाच्या सुट्टीत मी मावशीला म्हटलं, मला तुमच्याबरोबर फिरवा. तिला आधी समजेना की मला काय हवंय. मग ती फिरवत राहिली आणि मी ऐकत राहिले. बारा वाजताच्या उन्हात पत्रे तडतडत होते, आणि ती फिनेलच्या वासाची, पदर खोचलेली बाई मला माझीच कंपनी दाखवत होती. सॉल्व्हंटच्या खोलीबाहेर एक गटार आहे, जाळीचं झाकण असलेलं. ती तिथं थांबली. "हय सकाळच्या पाराक दारवेचो वास येता." मी नाक पुढं केलं, मला काही आलं नाही. ती म्हणाली, "उभ्यान नाय येवचो. वाकाक होया." मी वाकले, जाळीपर्यंत तोंड नेलं. होता. अगदी पुसट, पण होता.

आमच्याकडे औषधाच्या गोळ्यांवर कोटिंग करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. त्याची वाफ हवेपेक्षा दुपटीनं जड. ती वर जात नाही, लादीवरून सरकत खोलगट जागा शोधते आणि तिथं साचते. एक ठिणगी पुरते. म्हणजे ती हुंगायला सगळ्यात जवळचं नाक कुणाचं, तर दिवसभर लादीशी वाकलेल्या बाईचं. इंजिनियर उभे चालतात. मीटर छातीच्या उंचीला अडकवलेला. मावशीनं तो वास कितीतरी सकाळी घेतला होता, आणि विचारणारं कुणी नव्हतं म्हणून तो तिच्याजवळच राहिला होता. त्याच दिवशी सेफ्टी ऑफिसर गुडघ्यावर बसून त्या जाळीशी मीटर धरताना मी पाहिला. एका पिंपाच्या तोटीची गळती सापडली, थेंब-थेंब. आता ती बदलली आहे. आग लागल्यावर याच्या उलट असतं. तापलेला धूर छताला जाऊन तिथून खाली भरत येतो, म्हणून जमिनीलगत रांगत जायचं. एकच लादी, एका संकटात ती जपायची, दुसऱ्या संकटात तीच वाचवते. हे दोन्ही एका दमात मावशीला सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली. चुलीच्या घरात वाढलेल्या बाईला धूर कुठं जातो ते मी काय सांगणार.

मग तिनं मागचं दार दाखवलं. वर हिरवी पाटी, धावणारा माणूस, बाण, सगळं जागच्या जागी. दाराच्या अलीकडे रिकाम्या खोक्यांची चळत खांद्यापर्यंत. खोकी सरकवली तर कडीला कुलूप. किल्ली रखवालदाराच्या केबिनमध्ये, खिळ्याला, इतर किल्ल्यांच्या जुडग्यात. "चोरी होता म्हणान," ती म्हणाली. त्या दाराच्या आतल्या बाजूला तिच्या आणि इतर बायांच्या चपला होत्या, डबे होते, खुंटीला पदराची कापडं होती. त्या तिथंच जेवतात. खरंच आग लागली तर त्यांना सगळ्यात जवळचं दार तेच.

माझं मन तेव्हापासून दोन्हीकडे ओढलं जातं. आमची कंपनी वाईट नाही. लाल सिलिंडरांचे काटे हिरव्यात असतात, तेलाच्या किंवा विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही हे पॅकिंगमधल्या पोरीही सांगतील, पिन ओढून नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची याचा सराव आमच्या प्रत्येकीनं केला आहे. १४ एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात दलाचे जवान येतात तेव्हा मुंबई गोदीच्या १९४४ च्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांसाठी आम्ही उभे राहतो, आणि ते उभं राहणं मनापासूनचं असतं. इतकं सगळं करणारी माणसं एका बाईला विसरतात, कारण तिचं नाव दुसऱ्या कागदावर आहे. दुष्टपणा असता तर राग धरता आला असता. इथं राग धरायला माणूस सापडत नाही.

सेफ्टी ऑफिसरशी मी बरंच बोलले. तो म्हणाला, कवायत आपण नेहमी कोरड्या दिवसांत घेतो, सकाळच्या पाळीला, सगळे साहेब हजर असताना. खरंय. मिरगाचा पाऊस पत्र्यांवर कोसळायला लागला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, मग भोंगा कुणाला ऐकू जाणार? जांभळीखाली जुलैत घोटाभर पाणी असतं. रात्रपाळीला मोजून थोडीच माणसं, त्यांतली अर्धी कंत्राटाची. आणि संकट आपल्याच भिंतीआडून येईल असंही नाही. जानेवारी २०१८ मध्ये चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला, झोपेतल्या लोकांना घरं सोडावी लागली. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्णच्या रंगाच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा आजूबाजूच्यांनाही हलवावं लागलं. वारा जांभळीकडे वाहत असला तर आपण सगळ्यांना रांगेनं नेऊन धुरात उभं करू, हे त्याचे शब्द. आता गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी भगवी कापडी पिशवी लागली आहे आणि जमायची दुसरी जागा वरच्या बाजूला, ट्रक उभे करतात तिथं ठरली आहे. मागच्या दाराचं कुलूप गेलं, आतून ढकललं की उघडेल असा दांडा बसला. उघडलं की केबिनमध्ये घंटा वाजते, म्हणजे चोरीचीही काळजी मिटली. भोंग्याबरोबर फिरता लाल दिवा लावायचा आहे, त्याचं कोटेशन आलंय. कँटीनच्या गॅसचा मुख्य कॉक आता दाराशी घेतला आहे, बाहेर पडता पडता हात पोचेल असा.

माझ्या हातात बिल होतं, ते मी वापरलं. मॅनेजरसाहेबांची सही घेऊन एक नियम करून घेतला: कंत्राटदाराच्या बिलाला माणसांची यादी जोडलेली नसेल तर बिल पुढं जाणार नाही. पूर्ण नाव, गाव, घरच्या कुणाचा तरी फोन, आणि धोक्याची माहिती कुठल्या तारखेला कुणी दिली ते. त्याच यादीची प्रत गेटवर, पाळीप्रमाणे. भोंगा वाजला की रखवालदार रजिस्टर काखोटीला मारूनच जमायच्या जागी यायचा. पहिल्या महिन्यात साफसफाईच्या कंत्राटदारानं नुसती पहिली नावं पाठवली, त्यांतही दोन ठिकाणी 'नवीन बाई'. बिल परत गेलं. तो फोनवर चिडला, माझ्या वरच्यांकडे गेला, मला थोडं ऐकून घ्यावं लागलं. दुसऱ्यांदा यादी पूर्ण आली. मी ती मावशीला दाखवली तेव्हा तिनं आपलं आडनाव चुकल्याचं सांगितलं आणि मुलाचा जुना नंबर खोडून सुनेचा घालायला लावला. "झील कामार असता, फोन उचलना नाय," म्हणाली.

येत्या १ तारखेपासून साफसफाईचं कंत्राट दुसऱ्याकडे जातंय. जुन्या बायांना तो ठेवील असं म्हणतो, लिहून मात्र दिलेलं नाही. यादीचा कोरा नमुना मी त्याला पाठवला आहे. रात्रपाळीची पावसातली कवायत जुलैत घ्यायची ठरलं आहे आणि कंत्राटाच्या सगळ्यांना तीत धरायचं आहे. तेवढ्या उशिरा दोडामार्गाकडे बस नसते, तेव्हा मावशी आणि तिच्याबरोबरच्यांना घरी सोडायला गाडी लागेल. तो खर्च कंपनीनं करायचा की कंत्राटदारानं, यावर फाईल अडली आहे. दोन फेऱ्यांचं भाडं काढून आकडा मी आज सकाळी मॅनेजरसाहेबांना दिला. ते म्हणाले, सोमवारी बघू. सोमवारी मी पुन्हा जाणार आहे.